वाटी सरकली की लिगामेंट तुटलं?

आमचा पोमेरेनियन कुत्रा पिंट्या पळता पळता मधेच मागचा एक पाय वर घ्यायचा, तीन पायांवर दोन-चार उड्या, मग पाय मागे झटकला की परत पळायला मोकळा. शेजारचे काका म्हणाले लिगामेंट (गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी एकत्र धरणारी दोरी) गेलं, आता ऑपरेशन. माझं तर धाबंच दणाणलं, पण निघाली गुडघ्याची वाटी सरकलेली.

लंगडणं दोन्हीत आहे हो, पण चाल बघा. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली होते, छोट्या कुत्र्यांत ती बहुतेक आतल्या बाजूला घसरते आणि जागेवर आली की गडी ठीक. लिगामेंट पूर्ण तुटलं की असं चालू-बंद नसतं, पाय टेकवतच नाही नाहीतर नुसती बोटं टेकवतो, आणि बसताना तो पाय बाजूला काढून बसतो. डॉक्टर मांडी धरून नडगी पुढे ढकलून बघतात, टेबलाचा खण उघडावा तशी सरकली तर लिगामेंट गेलं समजायचं. एक्सरेत लिगामेंट दिसतच नाही, गुडघ्यातली सूज दिसते.

वाटीच्या ऑपरेशनमध्ये खाच खोल करतात आणि वाटीखालचा पट्टा नडगीला जिथे चिकटतो तो हाडाचा तुकडा कापून सरळ रेषेत पिनने बसवतात. लिगामेंटचं मला वाटायचं शिवत असतील, तर नाही, तुटलेलं शिवतच नाहीत! छोट्या कुत्र्यांत बरेचदा सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉन ताणून बांधतात, तो पुढे सैल पडतो किंवा तुटतो पण तोवर भोवती जाड टिश्यू तयार होऊन तोच गुडघा धरतो. दुसरं ऑपरेशन टीपीएलओ नावाचं, त्यात नडगीचं वरचं टोक गोलाकार कापून फिरवतात, वरचा उतार साधारण 5 अंशांवर आणतात आणि प्लेट लावतात. हे आधी मोठ्या कुत्र्यांचंच काम होतं, पण छोट्यांत तो उतार बरेचदा जास्तच तिरका असतो आणि आता त्यांच्या मापाच्या प्लेट्सही मिळतात.

वाटी सरकण्याला सौम्य ते गंभीर अशा 1 ते 4 ग्रेड असतात, त्रास नसेल तर ग्रेड 1 ला सहसा कोणी चाकू लावत नाही. गोंधळ असा की वर्षानुवर्षं वाटी सरकत राहिली की लिगामेंटवर ताण येतो आणि तेही तुटू शकतं, म्हणजे जुना वाटीवाला अचानक पाय टेकेनासा झाला तर नेहमीचंच आहे म्हणून घरी बसू नका.

पिंट्या ग्रेड 2. सध्या वजन वाढू नये म्हणून बिस्किटं बंद, आणि हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरू नये म्हणून आजीची सतरंजी.