पारख आणि खरेपणा (ख्रिस्ती जीवन)

पारख आणि खरेपणा या तशा दोन वेगळ्या गोष्टी, पण ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यात त्या जोडीनेच चालतात. मनात आलेला विचार, कानावर पडलेली शिकवण किंवा कोणी दिलेला सल्ला देवाकडचा आहे, की आपल्याच हट्टातून आलाय, की कोणी आपल्याला गुंडाळतंय, हे ओळखणं म्हणजे पारख. आणि जे ओळखलं ते न लपवता बोलणं-वागणं म्हणजे खरेपणा. पारख म्हटलं की बहुतेकांना खोटे संदेष्टेच आठवतात, ते बरोबरही आहे (1 योहान 4:1), पण ती आधी स्वतःला लावायची असते आणि तिथेच घोडं अडतं.

बायबलच्या नव्या करारात यासाठी 'डायाक्रिसिस' हा ग्रीक शब्द येतो, म्हणजे वेगवेगळं करणं, निवडून काढणं. 1 करिंथ 12:10 मध्ये प्रेषित पौल आत्मे ओळखण्याला पवित्र आत्म्याचं दान म्हणतो, पण इब्री 5:14 वाचलं तर बरं-वाईट ओळखणं सरावाने येतं असं दिसतं, म्हणजे दानही आणि रियाजही. बिरुया नावाच्या गावातले लोक तर खुद्द पौल शिकवत असताना रोज शास्त्र उघडून पडताळा घ्यायचे, आणि त्याबद्दल त्यांना कोणी अविश्वासू म्हटलं नाही, उलट कौतुकच झालं (प्रेषितांची कृत्ये 17:11).

5व्या शतकाच्या सुरुवातीला योहान कॅसियन या मठवासी साधूने लिहून ठेवलेला सराफाचा दाखला मला सगळ्यात चपखल वाटतो. सराफ नाणं हातात घेतो आणि बघतो की सोनं अस्सल आहे का, त्यावर छाप खऱ्या राजाची आहे का, अधिकृत टांकसाळीतलं आहे का, आणि झिजून वजनात कमी तर भरत नाही ना. विचारांचंही तसंच, सोनं खरं असतं पण छाप भलत्याचीच असते, म्हणजे वचन बायबलचं आणि मतलब आपला.

जेझुइट संघाचा पुढे संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सरदारकीची, पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांची चरित्रं वाचल्यावर आलेला आनंद मात्र टिकतो. यावरूनच पुढे त्याची आध्यात्मिक साधना तयार झाली, ती 1548 मध्ये छापली गेली. त्यातलं 'एक्झामेन', म्हणजे दिवसभरात मन कुठे कुठे गेलं याचा शांतपणे घेतलेला हिशोब, आजही जेझुइट लोक आणि बाकीचेही करतात.

खरेपणाचा पाया म्हणजे येशूचं वचन, मत्तय 5:37, होय तर होय, नाही तर नाही. हे क्वेकर लोकांनी (इंग्लंडमधला एक ख्रिस्ती पंथ) इतकं मनावर घेतलं की ते कोर्टातसुद्धा शपथ घेईनात, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असं झालं ना! त्यापायी तुरुंगवासही भोगला, आणि 17व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधी ग्वाही द्यायची सोय झाली.

खोटं कधीच चालत नाही का, यावर मात्र जुना वाद आहे. प्राचीन चर्चचा थोर शिक्षक ऑगस्टीन म्हणतो कधीच नाही, जीव वाचवायलाही नाही. पण मिसरचा राजा फारो इब्री मुलगे मारायला सांगत असताना शिप्रा आणि पुवा या सुइणींनी त्याला थाप मारून इब्री बाळं वाचवली आणि देवाने त्यांचं भलं केलं (निर्गम 1), मग बक्षीस थापेचं की देवाच्या भयाचं? ऑगस्टीन म्हणतो थापेचं नाही, त्यांच्या दयेचं, पण सगळ्यांना ते पटतंच असं नाही.

रोजच्या आयुष्यात मात्र सुइणींसारखा प्रसंग क्वचितच येतो, तिथे खोटेपणा फार बारीक असतो. कोणी आजारपण सांगितलं की आपण पटकन 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणतो आणि वळून चार पावलं गेलो की विसरतो, किंवा नको असलेलं काम टाळायला 'देवाने तसं मनात घातलं नाही' असं सांगतो, म्हणजे समोरच्याला पुढे काही बोलताच येऊ नये. पहिल्या मंडळीतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचंही असंच झालं, जमिनीचे थोडे पैसे ठेवून घेतले हा त्यांचा गुन्हा नव्हताच, प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो की पैसे तुझेच होते. काही भाग देऊन सगळे दिल्याचं दाखवलं, ते त्यांना भोवलं (प्रेषितांची कृत्ये 5).