प्लाझ्मिडांची आपसातली अडवाअडवी

१९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या रुग्णांवर औषधं चालेनाशी झाली. शिगेला हा जीवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदमच दाद देईना. चार वेगवेगळी उत्परिवर्तनं एकाच जीवाणूत जुळून यावीत, ही शक्यता फारच कमी. दशक सरता सरता उलगडा झाला. चारही औषधांना तोंड देणारी जनुकं एकाच प्लाझ्मिडवर होती आणि ते प्लाझ्मिड शिगेलातून ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जीवाणूत आणि तिथून परत शिगेलात जाऊ शकत होतं.

प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनए, बहुधा गोलाकार. त्यातली काही प्लाझ्मिडं पेशीला ‘पिलस’ नावाचा बारीक तंतू फुटवतात, शेजारची पेशी त्याने जवळ ओढतात आणि स्वतःची एक प्रत तिच्यात सोडतात. याला संयुग्मन म्हणतात. त्याचा बहुतेक अभ्यास ई. कोलायमधल्या ‘एफ’ या प्लाझ्मिडवर झाला, कारण ते अतिशय झपाट्याने पसरतं.

जपानमधले संशोधक त्सुतोमु वातानाबे यांच्या गटाला मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. औषधांना तोंड देणारी काही प्लाझ्मिडं एफ असलेल्या पेशीत शिरली, की एफचं पसरणं जवळजवळ थांबायचं. एफ पेशीतून नाहीसं होत नसे. ते तिथेच राही, फक्त त्याला बाहेर पडता येत नसे.

याचं कारण पुढे जनुकांच्या पातळीवर सापडलं. पिलस आणि संयुग्मनाची बाकी यंत्रणा ‘ट्राजे’ या प्रथिनामुळे सुरू होते. ‘फिनपी’ नावाचा एक छोटा आरएनए ट्राजे बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएला चिकटतो आणि ते प्रथिन बनू देत नाही. पण फिनपी एकटा टिकत नाही, पेशीतली विकरं त्याचे लगेच तुकडे करतात. त्याला जपण्याचं काम ‘फिनओ’ हे प्रथिन करतं. एफमध्ये फिनओचं जनुकच तुटलेलं आहे, त्याच्या मधोमध डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. आर१०० सारख्या जपानी प्लाझ्मिडांत हे जनुक शाबूत असतं. त्यांचं फिनओ पेशीत आलं, की एफचा स्वतःचाच फिनपी टिकतो आणि एफ गप्प होतं. म्हणजे ज्या प्लाझ्मिडावरून आपण संयुग्मन शिकलो, तेच आपल्या कुळात ब्रेक निकामी झालेलं निघालं!

हा ब्रेक असतोच कशाला? पिलस बाळगणं महाग पडतं. तो घडवायला ऊर्जा लागते, शिवाय एमएस२ आणि एम१३ सारखे विषाणू नेमके याच पिलसला धरून पेशीवर हल्ला करतात. म्हणून आर१०० बहुतेक पेशींत शांत असतं. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. नव्या पेशीत पोचल्यावर तिथे अजून फिनओ साठलेलं नसतं, त्यामुळे काही पिढ्या ब्रेक लागतच नाही. तेवढ्या काळात प्लाझ्मिड एका पेशीतून दुसरीत वेगाने पसरतं आणि मग हळूहळू शांत होतं. प्लाझ्मिड नसलेल्या पेशींचा जमाव समोर आला, की साथ पेटते ती अशी.

आत शिरण्यावरही पहारा असतो. एफ असलेल्या पेशीच्या बाह्य आवरणात ‘ट्राटी’ हे प्रथिन हजारोंनी असतं आणि आतल्या पटलात ‘ट्राएस’. त्यामुळे दुसरं एफ सहसा आत येत नाही.

नात्यात नसलेली प्लाझ्मिडंही एकमेकांना अडवतात. १९६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या जखमांतल्या जीवाणूंत आरपी४ च्या घराण्यातली प्लाझ्मिडं सापडली. नाना जातींच्या जीवाणूंत सहज वावरणारं हे घराणं. पण पेशीत एफ असेल, तर एफचं ‘पिफसी’ प्रथिन आरपी४ चं जाणं रोखतं. त्याचा मारा असतो ‘ट्राजी’वर, म्हणजे डीएनएला बाहेर पडण्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या प्रथिनावर. शेजारच्या रिकाम्या पेशी आपल्याआधी दुसऱ्याने बळकावू नयेत, हाच यातला फायदा असावा.

याचा परिणाम वनस्पतींपर्यंतही पोचतो. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू संयुग्मनासारख्याच यंत्रणेने आपल्या प्लाझ्मिडाचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि तिथे गाठ वाढते. त्याच जीवाणूत पीएसए हे दुसरं प्लाझ्मिड घातलं, तर त्याच्या ‘ओसा’ या एका प्रथिनामुळे ती गाठ धरतच नाही.