पिकअपचं कर्ज: ७ टक्के फ्लॅट म्हणजे ७ टक्के नव्हे

गावाकडे कोणी नवीन पिकअप घ्यायला निघालं की हाच घोळ. "बँक ११ टक्के म्हणते, शोरूमवाला ७ टक्क्यांत करून देतोय, मग बँकेत कशाला जाऊ?" अरे बाबांनो, ते ११ रिड्युसिंग आहेत आणि हे ७ फ्लॅट, दोन्हीची तुलनाच होत नाही!

रिड्युसिंग घरकर्जामुळे सगळ्यांना माहीत आहे, जेवढी मुद्दल उरली तेवढ्यावरच व्याज.

फ्लॅटमध्ये मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागतं. माझ्या चुलत भावाला कोटेशनच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं, ८ लाख, ७ टक्के, ४ वर्षं. म्हणजे वर्षाला ५६ हजार, चार वर्षांचे २ लाख २४ हजार, हप्ता २१,३३३. आता बघा, चौथं वर्ष लागतं तेव्हा मुद्दल अडीच लाखांच्याही खाली आलेली असते, तरी त्या वर्षीचं व्याज तेच ५६ हजार, कारण हिशोब अजून ८ लाखांवरच चाललाय. हाच हप्ता रिड्युसिंगमध्ये मांडला तर दर निघतो साधारण १२.७ टक्के. बँकेच्या ११ टक्क्यांनी हप्ता बसला असता २०,६७७ च्या आसपास, महिन्याला साडेसहाशेचा फरक म्हणून कोणाच्या डोळ्यात येत नाही पण ४८ महिन्यांत ३१ हजारांवर जातो. भावाने तासभर घासाघीस करून १५ हजार कमी करून घेतले होते, ताडपत्री फुकट मिळवली होती, ते सगळं या एका आकड्यात गेलं असतं.

तीन ते पाच वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दराला १.८ ने गुणा, अंदाज येतो. नेमका आकडा हवा तर गूगल शीटमधला रेट (RATE) फॉर्म्युला वापरा, हप्त्यांची संख्या, हप्ता मायनस लावून आणि कर्जाची रक्कम टाका, उत्तर १२ ने गुणा.

"हप्ता किती बसेल?" हा प्रश्न आधी विचारू नका, माझी हात जोडून विनंती आहे. मुदत वाढवली की हप्ता कमी दिसतोच. आधी गाडीची किंमत रोखीने घेतोय अशा थाटात ठरवा, ती कागदावर घ्या, मगच कर्जाचा विषय काढा, आणि त्याआधी बँकेकडून एक कोटेशन खिशात असू द्या.

फायनान्सवाल्याकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी एका जागी लिहिलेला कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल आणि लघुउद्योग कर्जांना ते द्यावंच लागतं, त्यात एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो, प्रोसेसिंग फी वगैरे धरून. दोन्हीकडचे एपीआर शेजारी ठेवा. "ते सही झाल्यावर मिळेल" असं कोणी म्हणालं तर सही करू नका, कारण ते सहीच्या आधीच द्यायचं असतं.