चरा जात नाही, रंग उतरतो

काळ्या गाडीच्या बॉनेटवर दुपारचं ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची गोल जाळी दिसते. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीचा रंग घासूनपुसून नव्यासारखा करून देणारे, तिला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. मालकाचा संशय ठरलेला असतो: गाडी पुसणाऱ्याने गोल गोल हात फिरवला. पुसणाऱ्याकडे बोट दाखवणं अगदीच चुकीचं नाही, पण हे चरे मुळात गोल नसतातच. ते आडवे, उभे, तिरके असे कसेही पडलेले असतात.

खात्री करायची असेल तर रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळी टॉर्चच्या मागोमाग सरकते, आणि मघाशी जिथे ती दिसत होती तिथला रंग एकदम स्वच्छ वाटू लागतो. चरा म्हणजे एक अरुंद खाच. तिच्या भिंतींवर पडलेला प्रकाश खाचेच्या लांबीला काटकोनातल्या दिशांनी पंख्यासारखा पसरतो. त्यामुळे हजारो चऱ्यांपैकी जे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाच्या रेषेत पडलेले असतात, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. बाकीचे चरे असतात, पण दिसत नाहीत. पावसात भिजलेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा असला की फांद्याही अशाच दिव्याभोवती गोल रचल्यासारख्या भासतात, कारण तेच.

पांढऱ्या गाडीलाही तितकेच चरे असतात. पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परत फेकतो की चऱ्यांचा थोडासा प्रकाश त्यात हरवून जातो. काळ्या रंगाला अशी लपवाछपवी जमत नाही.

आता हे चरे नेमके कुठे पडतात ते पाहू. हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे साधारण चार थर असतात. गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचं, पारदर्शक, कडक प्लास्टिक. चारही थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). त्यातला क्लिअर कोट बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती याच थराची, आणि स्वर्लही याच थरात असतात, बहुतेक एखाद-दुसरा मायक्रॉन खोल. अँबॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यात हा वेगळा थर नसायचा. तेव्हा पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा.

चरे पाडते ती धूळ. बांधकामाच्या वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर (आकडा जितका मोठा, तितका पदार्थ कठीण) 7 वर येतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची क्रश सँड आणि रस्त्यावरची खडीची पूड यांतली खनिजं 6 च्या आसपास असतात. साधी सुरी 5.5 ची. म्हणजे गाडीवर बसलेल्या धुळीतले बरेच कण सुरीच्या पात्याइतके किंवा त्याहून कठीण, आणि खाली प्लास्टिक. सोसायटीत सकाळी एकच बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. कोरड्या झटकणीने धूळ ‘नुसती झटकली’ तरी तेच होतं. साबणाचं पाणी भरपूर वापरलं, फडक्यातली माती वेगळ्या बादलीत खळबळून काढली, तर कण रंगावर न घासता पाण्यात तरंगून निघून जातात. गाडी आठवड्याला एकदाच पण नीट धुतलेली बरी. रोज कोरडं पुसण्याची आपली शिस्त रंगाच्या दृष्टीने शत्रूच आहे.

पडलेला चरा घालवायचा कसा? खरं सांगायचं तर तो जात नाही. खाच भरून काढणारं काही नसतं, म्हणून तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाचेच्या तळापर्यंत घासून खाली आणतात. उंच कडाच उरली नाही की खाचही उरत नाही. त्यासाठीच्या पेस्टमध्ये, म्हणजे रबिंग कंपाउंडमध्ये, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, मोह्सच्या मापावर 9. म्हणजे चरे घालवायला आपण धुळीपेक्षाही कठीण पूड रंगावर घासतो! फरक आकाराचा. कण जितके बारीक, तितके त्यांनी पाडलेले नवे चरे उथळ. आयझॅक न्यूटनने 1704 साली ‘ऑप्टिक्स’ मध्ये काचेबद्दल हेच लिहून ठेवलंय. पॉलिश करणारी पूड कितीही बारीक असो, ती काचेला ओरबाडूनच झिजवते. ओरखडे दिसेनासे होतात ते केवळ अतिशय लहान झाल्यामुळे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागावरचे उंचवटे-खळगे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश फारसा विखुरत नाही आणि रंग आरशासारखा दिसतो.

चऱ्यांवर टूथपेस्ट घासायचा घरगुती उपाय थोडाफार का चालतो, तेही यातून कळतं. तिच्यातही घासणारी पूडच असते. फक्त ती दातांसाठी बनवलेली असते, रंगासाठी नाही.

साध्या पॉलिशला क्लिअर कोटचा एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, जड कंपाउंडिंगला त्याच्या काही पट. बॉनेटच्या धारेवर आणि दाराच्या कडेवर पॉलिशच्या मशीनचा सगळा दाब अरुंद जागेवर येतो, तिथे थर सगळ्यांत आधी संपतो. क्लिअर कोट संपला की खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून आडोसा राहत नाही, आणि मग तो पार्ट रंगवण्यावाचून इलाज नसतो. म्हणून चांगला कारागीर आधी जाडी मोजतो. मीटर पत्र्यावर टेकवायचा, तो चुंबकीय तत्त्वावर आकडा दाखवतो. प्लास्टिकच्या बंपरवर हा मीटर आंधळा असतो. मीटर नसेल तर नख फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तो पूर्ण घालवायच्या नादी लागू नये.

मशीनचाही फरक पडतो. नुसत्या एका अक्षावर गरगरणारं रोटरी लवकर कापतं, पण उष्णता जास्त निर्माण करतं आणि नवख्याच्या हातात असेल तर उन्हात चमकणारे पट्टे मागे ठेवतं. ड्युएल ॲक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता डोलतोही. त्याला वेळ लागतो, पण चुकीला माफी असते.

एक फसवणूक मात्र सर्रास चालते. काही पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात. ते खाचेत बसतात, आणि त्यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) क्लिअर कोटच्या जवळपास असल्याने प्रकाशाला खाच जाणवतच नाही. गाडी नव्यासारखी दिसते, चार-दोन धुण्यांत जाळी परत येते. गाडी ताब्यात घेताना एका पॅनेलवर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून हे तेल पुसून काढा आणि टॉर्च मारा, लगेच कळेल.

‘9एच सिरॅमिक कोटिंग’ची जाहिरातही अशीच मजेशीर. हे 9 मोह्सचे नाहीत, पेन्सिलचे आहेत. चाचणीत 45 अंशांत धरलेली पेन्सिल ठरावीक वजनाने पृष्ठभागावर ढकलतात. 9एच पेन्सिलने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. क्वार्ट्झसमोर ती काहीच नाही. कोटिंगमुळे पाणी घसरतं, गाडी धुणं सोपं होतं, तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावं.

आपोआप भरून येणारे चरे मात्र खरोखर आहेत. निसानने निप्पॉन पेंटबरोबर केलेला ‘स्क्रॅच शील्ड’ हा लवचिक क्लिअर कोट 2005 साली जाहीर केला. त्यावरचे बारीक चरे, खोली आणि तापमान यांनुसार, एक दिवस ते आठवडाभरात बुजतात. गाडीवर चिकटवायची पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, म्हणजे पीपीएफ, हीच गोष्ट उन्हात किंवा गरम पाण्याने करते. इथे दबलेल्या लांबलचक रेणूंना ऊब मिळाली की ते मूळच्या जागी सरकतात आणि खाच वर उचलली जाते. पण त्यासाठी हे रेणू नुसते दबलेले हवेत. किल्लीने फिल्म कापलीच असेल, तर कितीही ऊन दाखवा, काप तसाच राहतो.