‘आमच्यात शिकायला बंदी कुठे आहे?’

कर्मठ पंथ आणि शिक्षण हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. बाहेरचा म्हणतो, ‘त्यांच्यात शिक्षणाला बंदी आहे.’ आतला म्हणतो, ‘बंदी कुठे आहे? नियम दाखवा.’ नियम दाखवता येत नाही, कारण बहुतेक वेळा तो नसतोच. मग बाहेरचा ओशाळतो, आतला जिंकतो आणि त्याच घरातली बारावीला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी अर्धवेळ नोकरी धरून घरी बसते.

घोळ असा की दोघंही मनाईबद्दल बोलत असतात आणि प्रत्यक्षात घडत असतं ते नाउमेद करणं. या दोन गोष्टींची यंत्रणा वेगळी, खुणा वेगळ्या आणि उपायही वेगळे. ‘शेवटी परिणाम एकच ना?’ असं म्हणणाऱ्यांनी तर या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे.

मनाई सगळ्यांना कळते, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. तालिबानने सप्टेंबर २०२१ पासून अफगाणिस्तानातल्या मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. हुकूम, तारीख, अंमलबजावणी, सगळं उघड.

मनाईचा सौम्य आणि जास्त विचार करायला लावणारा नमुना म्हणजे अमेरिकेतले आमिश, आधुनिक जगापासून लांब राहून शेतीवर जगणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात शाळा आठवीपर्यंत, पुढे नाही. हे ते लपवत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती, म्हणून तीन पालकांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण वर गेलं आणि १९७२ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं: पालकांचं म्हणणं ऐकलं, मुलांना कोणी विचारलं का? पेनसिल्व्हेनियाने त्याआधीच तडजोड काढली होती. आठवी झालेल्या मुलाने घरच्या शेतीत काम करायचं, त्याची डायरी लिहायची आणि आठवड्यातून तीन तास वर्गात यायचं. पटो न पटो, सगळं कागदावर आहे. त्यावर भांडता येतं.

इथे आपल्याकडची एक गंमत पाहा. घटनेचं कलम २१-अ आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहेत, म्हणजे आठवीपर्यंत. आमिश नेमके तिथेच थांबतात. उद्या कुठला पंथ ‘आठवी झाली, आता पुरे’ म्हणाला, तर या कायद्याला त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडणार नाही. नववी ते पदवी या पट्ट्यात कायदा बघ्याच्या जागी असतो, आणि नाउमेद करण्याचं सगळं काम याच पट्ट्यात चालतं.

आता मुख्य मुद्दा. नाउमेद करणं म्हणजे शाळेतून काढणं नव्हे. मूल शाळेत जातं, डबा नेतं, सहामाहीचे पेपर देतं. फक्त शिक्षणाला जी किंमत घरात आणि मंडळीत (म्हणजे पंथाच्या स्थानिक समूहात) असायला हवी, ती हळूहळू काढून घेतली जाते. याचा सगळ्यात स्वच्छ नमुना यहोवाच्या साक्षीदारांमध्ये, म्हणजे घरोघरी प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथात, दिसतो, म्हणून जरा जवळून पाहू.

आधी त्यांच्या बाजूची गोष्ट. १९८५ मध्ये केरळमधल्या एका शाळेने तीन साक्षीदार भावंडांना काढून टाकलं. दहावी, नववी आणि पाचवीतली मुलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. घरच्यांनी ‘बरं झालं, सुटली शाळा’ म्हटलं नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८६ मध्ये ‘बिजॉय इमॅन्युएल’ खटल्यात न्यायालयाने मुलांना परत घ्यायला सांगितलं. शाळेत राहण्यासाठी दिल्ली गाठणाऱ्या लोकांना ‘शिक्षणबंदीवाले’ म्हणणं सरळ चूक आहे.

त्याच संघटनेचा उच्च शिक्षणाबद्दलचा सूर मात्र कित्येक दशकं संशयाचा राहिला. कॉलेजला जाऊ नका असा नियम नाही. मग काय होतं?

एक म्हणजे वेळेचं गणित. ‘पायनियर’ म्हणून पूर्णवेळ प्रचाराला वाहून घेणं हा तरुणांपुढचा मोठा आदर्श. त्याचं उद्दिष्ट २०२३ पर्यंत महिन्याला ७० तास होतं, आता ५० आहे. म्हणजे आठवड्याला बारा तास, शिवाय सभा आणि त्यांची तयारी. हे ७५ टक्के हजेरी, प्रॅक्टिकल, जर्नल आणि सबमिशन यांच्या शेजारी मांडून बघा. दोन्ही करणारे सापडतात, पण दमछाक होते तेव्हा काय सोडायचं हे आधीच ठरलेलं असतं. शिक्षण कोणी सोडायला लावत नाही, ते गळून पडतं.

दुसरं, आणि हेच बाहेरच्यांना दिसत नाही: किंमत मूल चुकवत नाही, बाप चुकवतो. मंडळीत ‘वडील’ (म्हणजे तिची देखरेख करणारा) म्हणून नेमलेल्या माणसाने स्वतः, त्याच्या बायकोने किंवा मुलाने उच्च शिक्षणाचा रस्ता धरला, तर तो त्या पदाला योग्य आहे का याचा फेरविचार करायचा, अशी पद्धत कित्येक वर्षं होती. मुलाला कोणी अडवलेलं नाही. फक्त अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना त्याला ठाऊक असतं की आपल्या सायन्सचा हिशेब बाबांच्या खात्यावर मांडला जाईल. सोळा वर्षांच्या मुलाला याहून प्रभावी नियम लागत नाही.

तिसरं, कौतुक. दहावीला नव्वद टक्के मिळाले तर पेढे घरात वाटले जातात. सगळ्यांसमोर टाळ्या पडतात त्या नोकरीचे तास कमी करून सेवेत उतरलेल्याला. कोणाचं कौतुक कशासाठी होतं हे मूल कुठलंही प्रवचन न ऐकता शिकतं. आणि चौथं, ‘चालेल’ अशा शिक्षणाची यादी. पोटापुरती कला, छोटे कोर्स, लगेच कमाई देणारं काम चालतं. चार वर्षांची डिग्री, होस्टेल, परगाव म्हटलं की भुवया उंचावतात. आक्षेप पुस्तकांवर कमी आणि संगतीवर जास्त असतो. त्यामुळे ‘आम्ही शिक्षणाच्या विरोधात नाही’ हे म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला तसंच वाटत असतं.

प्यू या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढ साक्षीदारांपैकी ६३ टक्के शालेय शिक्षणाच्या पुढे गेलेले नव्हते, आणि पदवी किंवा त्याहून जास्त शिकलेले १२ टक्के होते. हा आकडा हातोड्यासारखा वापरणाऱ्यांचाही मला वैताग आहे. त्याच पाहणीत जवळपास दोन तृतीयांश साक्षीदार दुसऱ्या धर्मातून आलेले होते. म्हणजे कमी शिकलेले लोक तिकडे वळले, की तिकडे गेल्यावर शिक्षण थांबलं, हे नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

मनाई आणि नाउमेद यांतला फरक खरा कळतो तो ती उठवायची वेळ आली की. हुकूम एका कागदाने मागे घेता येतो आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरू शकते. साक्षीदारांच्या नियामक मंडळाने २०२५ मध्ये जाहीर केलं की पुढचं शिक्षण घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा वैयक्तिक निर्णय आहे. चांगलंच झालं. पण ज्यांनी विसाव्या वर्षी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला नाही ते आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांना कोणी ‘भरू नकोस’ असं म्हटलंच नव्हतं. मागे घ्यायला कागदच नाही.

हरेदी, म्हणजे अतिकर्मठ, ज्यूंना यातल्या कुठल्या खणात टाकायचं यावर बरेच अडखळतात. ते अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मुलग्यांच्या येशिवांमध्ये (धर्मशिक्षणाच्या शाळांमध्ये) तेरा-चौदाव्या वर्षानंतर बहुतेक ठिकाणी गणित, इंग्रजी, विज्ञान जवळजवळ संपतं आणि दिवसभर तालमूद या धर्मग्रंथाचा अभ्यास चालतो. अठराव्या वर्षी कॉलेजला जायला आडकाठी नाही, पण तिथवर नेणारा जिनाच बांधलेला नसतो. इस्रायलमध्ये या ‘गाभा विषयां’वरून सरकारं हलतात. न्यूयॉर्कमध्ये खासगी शाळांचं शिक्षण सरकारी शाळांच्या ‘बऱ्याच अंशी तोडीचं’ असावं ही अट जुनीच, तिची तपासणी कशी करायची याचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आले. आणि ‘धर्म आडवा येतो तो मुलींच्याच’ असं धरून चालणाऱ्यांसाठी: हरेदींमध्ये मुली व्यवहारी विषय मुलग्यांपेक्षा जास्त शिकतात. नवरा धर्माभ्यासात, म्हणून घर चालवायची जबाबदारी पुष्कळदा तिच्यावर. कर्मठपणा वाढला की मुलीचं शिक्षण कमी होणारच, हे गणित सगळीकडे जमत नाही.

एक किरकोळ गोंधळ झटपट मिटवून टाकतो. धर्मशिक्षण देणं म्हणजे शिक्षणाला विरोध नव्हे. मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या आहेत. दोन्ही एकाच वाक्यात, हे दोन्हीकडच्या फॉरवर्डबहाद्दरांनी लक्षात ठेवावं. वेदपाठशाळेतल्या मुलाला सांदीपनी प्रतिष्ठानचं वेदभूषण प्रमाणपत्र दहावीच्या आणि वेदविभूषण बारावीच्या जागी चालतं. उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वैध ठरवला. फक्त कामिल आणि फाजिल या पदव्या बाद केल्या, कारण पदवी देणं हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचा प्रांत आहे. आणि मुसलमान म्हटलं की मदरसा एवढंच आठवणाऱ्या पुणेकराने कॅम्पातल्या आझम कॅम्पसात एकदा चक्कर मारावी. तिथे डेंटलपासून लॉपर्यंत कॉलेजं आहेत.

नाउमेद करणं ही परदेशी पंथांची मक्तेदारीही नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवरची हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली, तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ या वृत्तपत्रातून तिच्यावर टीका झाली. टीकेचा रोख इंग्रजी धाटणीच्या अभ्यासक्रमावर आणि त्याने घर बिघडेल या भीतीवर होता. ‘शिकू दे, पण हे असलं नको’ हे वाक्य लक्ष्मी रोडला नवीन नाही.

तर मग ओळखायचं कसं? ‘बंदी आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका, उत्तर ‘नाही’ येणार. त्याऐवजी विचारा: गेल्या पाच वर्षांत बारावी झालेल्यांपैकी डिग्रीला किती गेले, मुलगे किती आणि मुली किती? जो गेला, त्याच्या आईवडिलांचं मंडळीतलं स्थान तेच राहिलं का? परगावी होस्टेलला कोण राहिलं? लग्न जमवताना शिक्षण सांगतात की लपवतात? शेवटच्या प्रश्नाला पॉज आला, की समजा.

मदत करणारे इथेही मनाईचेच उपाय वापरतात आणि फसतात. फी भरायला निघतात, पण अडचण फीची नसते. धर्मग्रंथातली वचनं काढून वाद घालतात, पण नियम वचनावर उभाच नसतो. टिंगल करतात, तेव्हा तर ‘बाहेरचं जग आपल्याला हसतं’ हे त्या मुलाला शिकवलेलंच खरं ठरतं. कायद्याची धमकी मुलाच्या चौदाव्या वर्षानंतर पोकळ असते.

उपयोगाला येते ती साधी, कंटाळवाणी कागदपत्रांची काळजी. नाउमेद झालेलं मूल बहुधा पंचविशी-तिशीत परत फिरतं, आणि तेव्हा अडतं ते कागदावर. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत हवा. दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवरच्या नावाचं स्पेलिंग एक हवं. वडिलांच्या नावातला एक ‘ए’ कमीजास्त असला तर महिना जातो. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. दहावी राहिली असेल, तर राज्य मंडळाकडे फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, पण त्याची मुदत परीक्षेच्या बऱ्याच महिने आधी संपते आणि लोक फेब्रुवारीत चौकशीला येतात. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय: वय चौदा पूर्ण, पाच विषय, एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. सभा, सेवा, नोकरी सांभाळून एकेक विषय काढणाऱ्याला हा रस्ता बरा. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

घरच्यांशी भांडण न काढता दाखल्याची मूळ प्रत मुलाच्या स्वतःच्या फाईलमध्ये ठेवता आली, तर ती आधी ठेवा. वाद नंतरही घालता येतो.