पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो? नाही हो!

बडोद्यात कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या काकांपासून फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डपर्यंत सगळे तेच सांगतात, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो म्हणून. नाही सोडत. ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फुटून आणि तो फोडायला उजेड लागतो, झाड कितीही पवित्र असो.

पिंपळाच्या पानातही काही जादू नाही. पिंपळ द्विदल (बीला दोन दलं असलेलं झाड), पानही तसंच. वर मेणचट थर, त्याखाली त्वचा, मग उभ्या दाटीवाटीच्या पॅलिसेड पेशी, क्लोरोप्लास्टने, म्हणजे उजेड पकडणाऱ्या हिरव्या कणांनी, खच्चून भरलेल्या (पान वरून जास्त हिरवं दिसतं ते यामुळेच), आणि खाली स्पंजी पेशी, मधेमधे मोकळी जागा सोडून, हवा तिथूनच फिरते. स्टोमाटा, म्हणजे हवा आतबाहेर करणारी बारीक रंध्रं, मात्र खालच्या बाजूला. बघायचंय? पानाच्या खालून ट्रान्सपरंट नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने अलगद उचला, मायक्रोस्कोपखाली धरा, रंध्रं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, राजम्याच्या दाण्यांसारख्या रक्षक पेशींच्या जोड्याच जोड्या दिसतील. वरच्या बाजूचा ठसा घेतलात तर हात हलवत परत याल.

आता कोणी हुशार म्हणेल, निवडुंगाची रंध्रं रात्री उघडतात ना. उघडतात, पण कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायला! ऑक्सिजन ऊन पडल्यावरच.

आणि रात्री झाडाखाली झोपलं की गुदमरतो, हेही तितकंच फोल. रात्री पानं श्वास घेतात खरी, पण बेडरूममधल्या कुंडीपेक्षा शेजारी घोरणारा माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याला कोणी बाहेर काढत नाही.