सिस्टर, तुम्ही घेतली का?

2 जानेवारी 2021 रोजी जालन्यात कोविड लसीकरणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी चारच जिल्हे निवडले होते : पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना. नोंदणीचं टेबल, थांबायची खोली, टोचायची खोली, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायची खोली, सगळं मांडून झालं. फक्त लस नव्हती. ती दोन आठवड्यांनी आली. 16 जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं, आणि पहिला मान डॉक्टर, परिचारिका, आशाताई, वॉर्डातल्या मावशी-मामा यांना मिळाला.

पहिल्या दिवशी देशात सुमारे तीन लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना लस द्यायची ठरली होती. आले दोन लाखांच्या आसपास. काहींना लसीच्या नोंदणीसाठीच्या कोविन ॲपचा निरोपच गेला नव्हता. पण बरेच जण ‘आधी बाकीच्यांचं बघू’ म्हणून मागे राहिले होते. गावोगाव लगेच चर्चा सुरू झाली : दवाखान्यातलेच घेत नाहीत, मग आपण कशाला घ्यायची?

ही चर्चा मला तेव्हाही अपुरी वाटली होती आणि आजही वाटते. ‘दवाखान्यातले’ हा एक गट नाही. मेडिकल कॉलेजातला निवासी डॉक्टर, उपकेंद्रावरची सिस्टर, आशाताई आणि जनरल वॉर्डातली मावशी हे चौघं एकाच लसीकडे चार वेगळ्या जागांवरून पाहत होते. चौघांच्या शंका वेगळ्या होत्या आणि त्यांची उत्तरंही वेगळी होती. आपण मात्र सगळ्यांना मिळून एकच परिपत्रक पाठवलं.

डॉक्टरांची शंका आकड्यांची होती. 3 जानेवारी 2021 रोजी कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींना आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल आलेले नव्हते. तिला परवानगीच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये, म्हणजे चाचणी चालू असल्यासारखी, होती आणि घेणाऱ्याला संमतीपत्रावर सही करावी लागत होती. कोणती लस घ्यायची ही निवड कुणालाच नव्हती. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून आम्हाला कोविशील्ड द्या अशी मागणी केली. त्यांना लसविरोधी म्हणणं अन्यायाचं होईल. ते लसच मागत होते, फक्त जिची चाचणी पूर्ण झाली आहे ती.

तिसऱ्या टप्प्याला एवढं महत्त्व का, हे कोव्हॅक्सिनच्याच उदाहरणावरून समजतं. या चाचणीत 25,798 स्वयंसेवक होते. साधारण निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना लस नसलेलं इंजेक्शन. कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग वाट पाहायची : कोविड कोणाला होतो? अंतिम विश्लेषणात लक्षणं असलेले 130 रुग्ण मोजले गेले. त्यातले 106 लस न मिळालेल्या गटात होते आणि 24 लस मिळालेल्या गटात. यावरून लसीची परिणामकारकता 77.8 टक्के निघाली. प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) किती वाढली यावरून अंदाज बांधता येतो, पण हा हिशेब रुग्ण मोजल्याशिवाय होत नाही. मार्च 2021 च्या सुरुवातीला अंतरिम निकाल जाहीर झाले, त्यानंतर ‘ट्रायल मोड’ची अट निघाली, आणि डॉक्टरांच्या बऱ्याचशा शंका मिटल्या. मागितलेली माहिती मिळाली की शंका मिटते, हे इथं स्पष्ट दिसतं.

सिस्टरची शंका मात्र कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही. माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी तीच होती.

उपकेंद्रावरची सिस्टर वर्षानुवर्षं पोलिओ, गोवर, पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसी देते. प्रत्येक सत्रात बाटली हातात घेतली की तिची नजर आधी एका छोट्या खुणेवर जाते. जांभळट वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन, हा व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. बाटलीला कारखान्यापासून आतापर्यंत एकूण किती उष्णता लागली हे तो सांगतो, आणि एकदा गडद झालेला चौकोन पुन्हा फिका होत नाही. चौकोनाचा रंग वर्तुळाएवढा झाला की लस टाकून द्यायची. हिंगोली-परभणीकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, मध्येच वीज जाते, आणि आइसपॅक लावलेला व्हॅक्सिन कॅरिअर मोटारसायकलवरून तांड्यापर्यंत न्यावा लागतो. तिथं ही खूण म्हणजे सिस्टरचा एकमेव साक्षीदार. ‘व्हीव्हीएम बघितल्याशिवाय सुई भरायची नाही’ हे तिच्या प्रशिक्षणाचं पहिलं वाक्य.

कोविड लसीकरणाच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत मात्र लिहिलं होतं की या बाटल्यांवर व्हीव्हीएम आणि मुदत संपल्याची तारीख कदाचित नसेल, तरी लस देणाऱ्यांनी त्यामुळे थांबू नये.

जिला आयुष्यभर ‘बघितल्याशिवाय देऊ नको’ असं शिकवलं, तिला एका ओळीत ‘नसलं तरी दे’ असं सांगितलं गेलं. कोणत्या लसीवर कोणत्या प्रकारचा व्हीव्हीएम लावायचा हे ती लस किती तापमान किती दिवस सोसते यावर ठरतं, आणि नव्या लसींबद्दलची ही माहिती तेव्हा जमा होतच होती. 2 ते 8 अंशांची साखळी सांभाळली तर लस सुरक्षित होती. पण हे कारण सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं सगळ्या प्रशिक्षणांत मिळाली असतील असं मला वाटत नाही. ऑनलाइन बैठकीत शंभर जण आवाज बंद करून बसलेले असताना कोणती सिस्टर हात वर करून विचारणार?

बाटलीबद्दलची ही काळजी फाजील नव्हती, याला आपल्याच देशाचा इतिहास साक्षी आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी या लसीनंतर 19 माणसं धनुर्वातानं गेली. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून बाजूला केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट पुरेशी मान्य व्हायला 1907 साल उजाडलं. हिवताप डासांमुळं पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले तेव्हा कुठं ते निर्दोष ठरले. लस चांगली असूनही एक बाटली घात करू शकते. सिस्टर बाटलीकडं निरखून पाहते तेव्हा ती याच अनुभवाची राखण करत असते.

तिची दुसरी शंका पोटातल्या बाळाची होती. परिचारिका आणि आशा या जवळपास सगळ्या स्त्रिया, त्यातल्या कितीतरी तरुण. जानेवारी 2021 च्या सूचनांनुसार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना लस द्यायची नव्हती, कारण चाचण्यांत त्यांना घेतलेलं नव्हतं. धोका दिसला म्हणून ही मनाई नव्हती, माहिती नव्हती म्हणून होती. पण दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर हा फरक दिसत नाही. ‘गरोदर बाईला चालत नाही’ एवढंच उरतं, आणि त्यातून ‘पुढं मूल होईल ना?’ हा प्रश्न आपोआप निघतो. मे 2021 मध्ये स्तनदा मातांना आणि 2 जुलैपासून गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली, कारण तोवर इतर देशांतली लाखभर गरोदरपणांची निरीक्षणं हाताशी आली होती आणि गरोदरपणात कोविड जास्त बळावतो हेही स्पष्ट झालं होतं. डॉक्टरांपेक्षा परिचारिका लसीबाबत जास्त साशंक असल्याचं जगभरातल्या अनेक पाहण्यांत आढळलं, आणि त्याचा अर्थ ‘कमी शिकलेल्या म्हणून’ असा लावला गेला. ज्यांच्यासाठी उत्तर सगळ्यांत उशिरा आलं त्या जास्त थांबल्या, हे कारण मला अधिक पटतं.

आशाताईची गोष्ट थोडक्यात सांगता येते, पण ती हलकी नाही. लसीनं गावात कुणाला काही झालं तर लोक सरकारकडं जाणार नाहीत, तिच्या दारात येतील. कोविडच्या घरोघर सर्वेक्षणासाठी तिला महिन्याला हजार रुपये जादा मिळत होते. जून 2021 मध्ये राज्यभरच्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. ज्या व्यवस्थेनं आपली किंमत एवढी ठरवली तिच्या शब्दावर गावाला हमी द्यायची, हे ओझं तिनं उचललं, आणि लसीच्या बाटलीबरोबर त्याचंही वजन तिच्या मनात होतं.

आता ज्या दोन गोष्टींनी चौघांनाही सारखंच घाबरवलं, त्यांच्याकडं वळू.

पहिली म्हणजे ताप. टोचल्यावर रात्री अंग मोडून येतं, थंडी वाजते. लसीतला परका अंश पाहून आपल्या पेशी इंटरफेरॉनसारखी संदेश देणारी रसायनं सोडतात, आणि त्यांच्यामुळंच ताप येतो. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असंही नाही. पण आलेला प्रत्येक ताप लसीचाच असतो का? जानेवारी 2022 मध्ये बारा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात लस नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही 35 टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या. त्यांना लस टोचलेलीच नव्हती! पहिल्या डोसनंतरच्या अशा तक्रारींपैकी सुमारे तीन चतुर्थांश तक्रारी अपेक्षेतून आणि काळजीतून आलेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्रास खरा असतो, कारण मात्र सुईतल्या औषधात नसतं. ड्यूटी रूममध्ये ‘मला तर दोन दिवस उठता आलं नाही’ ही एक गोष्ट फिरली की पुढच्या दहा जणांचं शरीर त्या त्रासाची वाट पाहू लागतं.

दुसरी गोष्ट मृत्यूची. लस घेतल्यावर आठवड्यात कुणी गेलं, की जोडणी लगेच होते. इथं एक हिशेब मांडू. आपल्या देशात वर्षाला दर हजारी सहा-सात मृत्यू होतात. म्हणजे कोणत्याही एक लाख लोकसंख्येत, लस असो वा नसो, महिन्याला पन्नासच्या वर माणसं जातात. त्या लाखाला एकाच आठवड्यात लस दिली, तर पुढच्या महिन्यातले हे सगळे मृत्यू ‘लसीनंतरचे’ ठरतील. यातून खरोखर लसीचा कोणता, हे निवडून काढायला वेगळी चौकशी लागते. लसीनंतरच्या दुष्परिणामांची चौकशी करणाऱ्या देशाच्या समितीनं जून 2021 मध्ये 31 गंभीर घटनांचा निकाल दिला : 18 योगायोगाच्या, 7 अनिश्चित, 3 लसीमुळं घडलेल्या, 1 घाबरल्यामुळं, 2 वर्गीकरण न झालेल्या. त्या तिघांपैकी एका 68 वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू तीव्र ॲलर्जीनं झाला होता. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते यासाठीच, आणि किटमध्ये अशा ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिन असतं तेही यासाठीच.

कोविशील्डनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्नही खरा होता. काही थोड्या लोकांच्या शरीरात प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या पेशींशी निगडित एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मग गुठळ्याही होतात आणि प्लेटलेटही घटतात. मे 2021 मध्ये समितीनं भारतातलं प्रमाण दहा लाख डोसमागं 0.61 असं सांगितलं. युरोपात ते बरंच जास्त आढळलं होतं. हे कर्मचाऱ्यांपासून झाकून ठेवण्यात काहीच शहाणपण नव्हतं, कारण लक्षणं ओळखायची ती त्यांनीच.

मार्च 2021 मध्ये दुसरी लाट मराठवाड्यावर आदळली. बीड आणि नांदेडमध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह अंत्यसंस्काराला न्यावे लागले. त्या दिवसांत थांबलेल्यांपैकी अनेकांनी स्वतःहून दंड पुढं केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं त्याच काळातली आपल्या कर्मचाऱ्यांची आकडेवारी काढली. दोन डोस घेतलेल्यांमध्ये संसर्ग 65 टक्के कमी, रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण 77 टक्के कमी, ऑक्सिजन लागण्याचं 92 टक्के कमी. या तीन आकड्यांतली चढण महत्त्वाची आहे. लस संसर्ग पूर्ण रोखत नाही, पण आजार जितका गंभीर तितकं तिचं संरक्षण जास्त. ‘लस घेऊनही पॉझिटिव्ह आलो’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला द्यायचं उत्तर हेच होतं. सुरुवातीलाच ते सांगितलं असतं तर डेल्टा या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या काळात इतका अपेक्षाभंग झाला नसता.

नोव्हेंबर 2021 मध्ये पंतप्रधानांनी लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. त्या यादीत मराठवाड्यातलेही जिल्हे होते. त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला : किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही. केंद्रांवर रांगा लागल्या हे खरं. पण रेशनसाठी घेतलेल्या लसीनं शंका मिटत नाही. ती पुढच्या लसीपर्यंत तशीच राहते, आणि पुढची लस कदाचित घरातल्या लेकराची असते. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. अर्जदार स्वतः बालरोगतज्ज्ञ आणि लसीकरणावरच्या राष्ट्रीय सल्लागार गटाचे माजी सदस्य. न्यायालयानं सरकारचं लसधोरण अवाजवी ठरवलं नाही, पण कुणाला जबरदस्तीनं टोचता येणार नाही असं स्पष्ट केलं. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करा, असंही सांगितलं.

या शेवटच्या सूचनेतून मला एक साधं काम दिसतं. लसीनंतर काही घडलं की उपकेंद्रावरची सिस्टर एक फॉर्म भरते. तो तालुक्याला जातो, जिल्हा समितीकडं जातो, राज्याकडं जातो, आणि तिथं कारण ठरतं. ठरलेलं कारण त्याच वाटेनं तिच्यापर्यंत परत यायला हवं, लेखी, मराठीत, तिच्या नावानं : तुम्ही कळवलेल्या घटनेत हे आढळलं, यामुळं आढळलं. मासिक बैठकीत एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेबांनी ते वाचून दाखवावं आणि प्रश्नांसाठी वेळ ठेवावा. मग गावातली म्हातारी तिला ‘तुम्ही घेतली का?’ म्हणून विचारेल, तेव्हा ‘घेतली’च्या पुढं आणखी दोन वाक्यं तिच्याजवळ असतील.